शिंगराने छायाचित्रकार घडवला नाही

छायाचित्रकार व्हायचं तर आधी प्रेरणा सापडावी लागते, बाकी सगळं मागाहून येतं, हे विधान आपल्याकडे इतक्या वेळा आणि इतक्या गंभीर चेहऱ्याने केलं जातं की त्याला कोणी हरकत घेतली तर तोच अरसिक ठरतो. कार्यशाळांच्या जाहिरातींत ते असतं, कॅमेरे विकणाऱ्यांच्या पत्रकांत असतं, आणि कला महाविद्यालयात पाहुणा वक्ता आला की पहिल्या दहा मिनिटांत हमखास असतं. आतला कलावंत जागा करा, डोळ्यांनी नव्हे तर मनाने टिपा, वगैरे. ऐकणारी पोरं माना डोलावतात, घरी जातात, आतलं काहीच जागं होत नाही म्हणून खट्टू होतात आणि पुढच्या कार्यशाळेची फी भरतात. मला हे विधान खोटं वाटतं. नुसतं खोटं असतं तर दुर्लक्ष केलं असतं. पण अडचणीचे बरेच प्रश्न त्याच्याखाली सोयीस्करपणे झाकले जातात, म्हणून त्याचा समाचार घ्यायला हवा.

या मताची मंडळी पुरावा म्हणून गोष्टी सांगतात, आणि गोष्टी छान असतात हे मान्य केलं पाहिजे. सगळ्यांत लाडकी गोष्ट रघू राय यांची. शिक्षणाने स्थापत्य अभियंता, पण त्या कामात जीव रमेना. थोरल्या भावाचा कॅमेरा घेऊन एका मित्राबरोबर खेड्यात गेले. तिथे गाढवाचं एक शिंगरू दिसलं. त्याच्या मागे धावले, ते पुढे पळत राहिलं, अखेर दमून उभं राहिलं तेव्हा फोटो काढला. तो फोटो लंडनच्या 'द टाइम्स'मध्ये छापून आला आणि एक छायाचित्रकार जन्माला आला. सांगणारा इथे थांबतो. श्रोत्यांपैकी अर्धे जण मनातल्या मनात आपापलं शिंगरू शोधायला निघालेले असतात.

या गोष्टीत शिंगराहून मोठं एक पात्र आहे, ते म्हणजे तो थोरला भाऊ. एस. पॉल हे त्या काळातले नावाजलेले वृत्तछायाचित्रकार. कॅमेरा त्यांचा, फोटोची पारख त्यांची, आणि तो लंडनला धाडला तोही त्यांनीच. दिल्लीत बसून कुठला फोटो कुठल्या देशातल्या कुठल्या वृत्तपत्राला खपेल हे ओळखणं ही धंद्याची अक्कल आहे, आणि ती त्या घरात आयती होती. पुढे १९६६ मध्ये 'द स्टेट्समन'मध्ये नोकरी लागली, म्हणजे रोज सकाळी उठून काहीतरी टिपून आणण्याची सक्ती आली, आणि त्याबद्दल महिन्याला पगार. राय यांची प्रतिभा मी नाकारत नाही, तेवढा मूर्ख मी नाही. पण भावाला आणि नोकरीला गोष्टीतून वगळून फक्त शिंगरू ठेवायचं, ही हातचलाखी आहे.

मराठी वाचकाला याहून जवळची गोष्ट दादासाहेब फाळक्यांची. मुंबईच्या अमेरिका-इंडिया पिक्चर पॅलेसमध्ये ख्रिस्ताच्या जीवनावरचा चित्रपट पाहताना त्यांच्या डोळ्यांपुढे राम-कृष्ण उभे राहिले, हे आपण शाळेपासून ऐकत आलो. प्रसंग खुद्द फाळक्यांनीच १९१७-१८ मध्ये 'नवयुग' मासिकात लिहिलेल्या लेखांत सांगितलेला आहे, तेव्हा तो कोणी रचला असं म्हणायचं कारण नाही. पण त्या खुर्चीत बसलेला माणूस कोण होता ते पाहा. चाळिशीला आलेला. १८८५ मध्ये जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये दाखल झालेला. पुढे बडोद्याच्या कलाभवनात चित्रकला आणि छायाचित्रण शिकलेला. रतलामला जाऊन ब्लॉक तयार करण्याची आणि फोटोलिथोची विद्या घेऊन आलेला. गोध्र्यात फोटो स्टुडिओ काढून बसलेला, आणि प्लेगने पहिली बायको आणि मूल हिरावल्यावर तिथून उठलेला. बडोद्याला परत बस्तान बसवायला गेला तर कॅमेरा माणसाची ताकद शोषून घेतो, फोटो काढला की आयुष्य घटतं, अशी आवई उठली आणि गिऱ्हाईक फिरकेना. मग जादूचे प्रयोग शिकला. १९०३ मध्ये पुरातत्त्व खात्यात चिकटला. ती नोकरी सोडून रविवर्म्यांच्या छापखान्यासाठी काम केलं, मग स्वतःचा छापखाना उभारला, त्यासाठी १९०९ मध्ये जर्मनीला जाऊन आला, आणि भागीदारांशी बिनसल्यावर त्यातूनही बाहेर पडला. एकूण पंचवीस वर्षं हा गृहस्थ उजेड, रसायनं, काच, शाई आणि उधारी यांच्याशी झटत होता. ख्रिस्त त्या दिवशी थिएटरातल्या बाकीच्या प्रेक्षकांनाही दिसलाच होता की.

आणि त्यानंतर काय झालं? प्रेरणेच्या कथेत त्यानंतर एकदम 'राजा हरिश्चंद्र' येतो. प्रत्यक्षात मध्ये रोज तासन्‌तास चित्रपट बघणं होतं, इतकं की दृष्टी जायची वेळ आली. विम्याची पॉलिसी गहाण टाकणं होतं. १९१२ मध्ये लंडनला जाऊन कॅमेरा आणि कच्ची फिल्म यांची तजवीज करणं होतं. परत आल्यावर फाळक्यांनी कुंडीत वाटाणा पेरला आणि त्याचा वेल वाढताना एकेक फ्रेम करत टिपला. ती छोटी फिल्म दाखवून पैसे घालणाऱ्याला पटवलं. फिल्मला भोकं पाडणं, ती धुणं, ही कामं घरात सरस्वतीबाई करत होत्या. ख्रिस्ताची कथा आपण मुलांना सांगतो आणि वाटाण्याची सांगत नाही. सावकाराला पटलं ते वाटाण्याने.

आता प्रतिपक्षाचं सर्वांत बळकट म्हणणं घेऊ, उगाच कमकुवत बाजूवर तुटून पडण्यात मजा नाही. ते म्हणतील, तयारी कितीही असो, ठिणगी पडावी लागतेच. आणि दाखला देतील आंरी कार्तिए-ब्रेसाँचा. मार्टिन मुंकाची या हंगेरियन छायाचित्रकाराने टांगानिका सरोवराच्या लाटांत धावत शिरणाऱ्या तीन मुलांचा एक फोटो काढला होता. तो पाहिल्यावर आपण कॅमेऱ्याकडे वळलो, असं कार्तिए-ब्रेसाँ स्वतः सांगत असे. आपल्याकडचा दाखला रघुबीर सिंह यांचा. त्याच कार्तिए-ब्रेसाँचं जयपूरवरचं छोटं पुस्तक या शाळकरी मुलाला जयपूरच्या घरात सापडलं आणि त्याची दिशा ठरली. पुढे भारताच्या रंगीत छायाचित्रणात त्याने जे केलं ते जगाने पाहिलं.

दोन्ही दाखले खरे आहेत. मी ते माझ्याच बाजूने वापरणार आहे. या दोघांच्या हातात नेमकं काय पडलं? आकाशवाणी झाली नाही, स्वप्नात कोणी आलं नाही. एकाला एक छापलेला फोटो मिळाला, दुसऱ्याला छापलेलं पुस्तक. तो फोटो कोणीतरी पैसे देऊन घेतला होता, कोणीतरी निवडून छापला होता. ते पुस्तक कोणाच्या तरी घरात विकत आणून ठेवलेलं होतं, आणि ते घर जयपूरच्या ठाकूर घराण्याचं होतं. कार्तिए-ब्रेसाँने त्याआधी आंद्रे लोत या चित्रकाराच्या हाताखाली रेषा-कोनांचा अभ्यास केला होता, आणि मिळवून खायची त्याला घाई नव्हती. फ्रान्समधल्या शिवणकामाच्या डब्यांत जो दोरा सापडायचा तो त्याच्या घराण्याच्या कारखान्यातला. ओल्या सरपणावर ठिणगी टाकून चूल पेटत नाही हे कुठल्याही बाईला ठाऊक असतं, फक्त कार्यशाळेच्या वक्त्यांना ते सांगावं लागतं.

तेव्हा प्रेरणेचा एवढा कळवळा असेल तर पहिला प्रश्न असा विचारा की परभणीच्या किंवा चिपळूणच्या सोळा वर्षांच्या मुलीच्या हातात चांगलं छापलेलं छायाचित्र पडणार कुठून? महाराष्ट्रात १९६७ पासून सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा आहे, अनुदान आहे, ग्रंथालयांचे वर्ग आहेत. तुमच्या गावच्या ग्रंथालयात जाऊन छायाचित्रांचं कपाट कुठे आहे ते विचारून पाहा. गडकिल्ल्यांचं एखादं, वाघांचं एखादं, तेही काचेआड आणि 'घरी नेता येणार नाही' अशी चिठ्ठी लावून. मोबाइलच्या पडद्यावर बोटाने वर सरकवत रोज शेकडो चित्रं दिसतात हे खरं, पण सरकवणं आणि पाहणं यात फरक आहे. एक फोटो समोर ठेवून अर्धा तास बसायची सवय कोणी लावतच नाही.

मुंबईत छायाचित्रणाची सुरुवातही कोणाच्या साक्षात्कारातून झालेली नाही. १८५४ मध्ये इथे फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली, तिच्यात भाऊ दाजींचे बंधू डॉ. नारायण दाजी होते. लोक जमत, कागद आणि काचा कशा तयार करायच्या याची चर्चा करत, एकमेकांचे फोटो तपासत. लाला दीनदयाळ रुडकीला अभियांत्रिकी शिकून इंदूरच्या बांधकाम खात्यात नकाशे काढायला लागले आणि त्या नोकरीत असताना कॅमेऱ्याकडे वळले. पुढे निजामाने त्यांना गौरवलं. पण त्यांच्या प्रेरणेची गोष्ट कोणी सांगत नाही, बहुधा तीत एकही गाढव नसल्यामुळे.

होमाई व्यारावालांकडे यायला हवं, कारण प्रेरणावाद्यांची सगळ्यांत मोठी पंचाईत त्या करतात. जन्म १९१३, नवसारीचा. वडील पारशी नाटक कंपनीत नट. मुंबईत वाढल्या, जे. जे.त शिकल्या, कॅमेरा हाताळायला माणेकशांकडून शिकल्या, ज्यांच्याशी पुढे लग्न झालं. पहिले फोटो कसले, तर कॉलेजच्या बायकांच्या सहलीचे. 'बॉम्बे क्रॉनिकल'ने ते छापले आणि एका फोटोला एक रुपया दिला. पुढे 'इलस्ट्रेटेड वीकली'त फोटो येऊ लागले ते नवऱ्याच्या नावावर, कारण बाईच्या नावाला किंमत नव्हती. १९४२ मध्ये दोघं दिल्लीला ब्रिटिशांच्या माहिती खात्यात नोकरीला गेली. साडी नेसून, जड कॅमेरा घेऊन, सायकलवरून त्या दिल्लीत फिरल्या. फाळणीचा निर्णय झाला ती बैठक, लाल किल्ल्यावर चढलेला तिरंगा, माउंटबॅटन यांचं प्रस्थान, गांधीजींची अंत्ययात्रा, हे सगळं आज आपल्या डोळ्यांपुढे आहे त्यात त्यांचा वाटा केवढा तरी आहे. ३० जानेवारी १९४८ ला त्या प्रार्थनासभेला निघाल्या होत्या, पण उद्या दोघं मिळून जाऊ म्हणून माणेकशांनी परत बोलावलं. तो फोटो राहिला तो राहिलाच.

या कहाणीत सुरुवातीपासून दर आहे, नोकरी आहे, प्रवेशपत्र आहे, सायकल आहे. आणि शेवट? माणेकशा गेल्यानंतर, १९७० मध्ये, त्यांनी कॅमेरा खाली ठेवला. नव्या छायाचित्रकारांची वागणूक, ती ढकलाढकली, पुढाऱ्यांभोवतीचा बंदोबस्त, यांत पूर्वीची आब राहिली नाही असं त्यांचं म्हणणं होतं. त्यानंतर चाळीसहून अधिक वर्षं त्या जगल्या, शेवटची बरीच वर्षं बडोद्यात. बाग केली, घरातल्या वस्तू स्वतः दुरुस्त केल्या. २०११ मध्ये पद्मविभूषण मिळालं, २०१२ च्या जानेवारीत त्या गेल्या. पण व्यवसाय म्हणून पुन्हा कॅमेरा उचलला नाही. छायाचित्रकार आतल्या ज्योतीवर चालत असेल तर ही ज्योत चाळीस वर्षं कुठे गेली होती? माझं उत्तर साधं आहे. त्या कामाच्या बाई होत्या. कामाची रीत मोडली, काम संपलं. यात त्यांचं मोठेपण तसूभरही कमी होत नाही.

अमेरिकेतल्या गॉर्डन पार्क्सची गोष्ट मी मुद्दाम सांगतो, कारण तीत प्रेरणाही आहे आणि तिची मर्यादाही. कृष्णवर्णीय, गरीब, रेल्वेच्या भोजनडब्यात वाढपी. कोणा प्रवाशाने टाकून दिलेल्या मासिकात त्याने स्थलांतरित मजुरांचे फोटो पाहिले. गहाणवस्तूंच्या दुकानातून जुना कॅमेरा घेतला. वक्ता इथेही थांबेल. पण पार्क्स घडला तो त्यानंतर. १९४२ मध्ये रोझेनवाल्ड शिष्यवृत्ती मिळाली म्हणून तो वॉशिंग्टनला पोचला आणि ज्या सरकारी विभागाचे फोटो त्याने मासिकात पाहिले होते, तिथेच रॉय स्ट्रायकरच्या हाताखाली लागला. स्ट्रायकरने पहिल्या दिवशी काय केलं? कॅमेरा काढून घेतला आणि सांगितलं, जा, एक कोट विकत घे, उपाहारगृहात जेव, सिनेमा बघ. पार्क्स गेला आणि प्रत्येक दारातून त्याच्या रंगामुळे परत आला. संतापून आल्यावर स्ट्रायकर म्हणाला की हा राग फोटोत कसा आणायचा ते शोध, आणि याच इमारतीत फरशी पुसणाऱ्या बाईशी आधी बोल. ती बाई एला वॉटसन. तिच्या हातात झाडू, बाजूला पोछा, मागे अमेरिकेचा ध्वज, हा फोटो आज जगभर ओळखला जातो. आणि एका फोटोवर पार्क्स थांबला नाही. तिच्या घरी, तिच्या प्रार्थनेच्या जागी तिच्याबरोबर जात राहिला.

इथे मला हेवा वाटतो तो पार्क्सचा नाही, त्याला लाभलेल्या स्ट्रायकरचा. आपल्या तरुणाला सांगायला कोण आहे की कॅमेरा ठेव, आधी त्या बाईशी बोल? आणि ते सांगून महिनाअखेर पगारही देणारं कोण आहे?

एक काळ होता, तालुक्याच्या गावात असा माणूस असायचा. त्याला कोणी स्ट्रायकर म्हणत नसे, 'फोटोवाला' म्हणत. बस स्टँडजवळचा स्टुडिओ. भिंतीवर रंगवलेला पडदा, त्यावर बाग, कारंजं किंवा ताजमहाल. बाजूला प्लास्टरचा खांब. आरसा, कंगवा, पावडरचा डबा, आणि खिळ्याला टांगलेला एक कोट-टाय, जो गावातल्या प्रत्येक नवऱ्या मुलाने एकदा तरी घातलेला. दहावीच्या फॉर्मचे फोटो, शाळेची ओळखपत्रं, साखरपुडे, बारशी, म्हाताऱ्या माणसाचा एक नीट फोटो असावा म्हणून उचलून आणलेले आजोबा. पोलिसांचा निरोप आला की पंचनाम्याला जायचं, विहिरीतून काढलेल्या प्रेताचा फोटो काढायचा आणि संध्याकाळी त्याच कॅमेऱ्याने हळदीचा.

त्या स्टुडिओत हाताखाली एक पोरगा असायचा. पहिलं वर्ष तो फोटो कापायचा, प्रिंट धुवायचा, लग्नात लाईट धरायचा. लाल बल्बच्या अंधारात हायपोच्या वासाने त्याचं डोकं उठायचं. पण लाईट धरता धरता त्याला कळायचं की अंतरपाट दूर होताना कुठे उभं राहायचं, मामा कुठल्या बाजूने आडवा येणार आहे, नवरीची आई पाठवणीच्या वेळी केव्हा तोंड फिरवेल. रोलमध्ये छत्तीस फ्रेम. एकतिसाव्या फ्रेमला अजून सप्तपदी व्हायची असेल तर पाहुण्यांनी कितीही आग्रह केला तरी बोट आवरायचं. हार घालण्याचा क्षण हुकला तर मुलीचा बाप पैसे कापणार, आणि शिव्या मालकाकडून मिळणार त्या वेगळ्या. काय घ्यायचं आणि काय सोडायचं याचा निर्णय पाव सेकंदात करायची ही शाळा होती. कार्तिए-ब्रेसाँच्या निर्णायक क्षणावर आपल्याकडे व्याख्यानं होतात. पाठवणीच्या गर्दीत तो क्षण हातचा न घालवणारे शेकडो लोक महाराष्ट्रात होऊन गेले, त्यांना व्याख्यानाला कोणी बोलावलं नाही. त्यांच्या निगेटिव्हची खोकी भंगारवाल्याकडे गेली.

फार गोड करून सांगत नाही. ते स्टुडिओही काही गुरुकुल नव्हते. पोराला पैसे नावाला मिळायचे, मालक विद्या लपवायचा, सगळे फोटो एकाच साच्याचे निघायचे, आणि मुलींना तिथे काम शिकायला क्वचितच जागा होती. पण चार पैसे त्याच्या हातात पडायचे. तो शिकायचा आणि घरी काहीतरी न्यायचा. आज पासपोर्टचा फोटो मोबाइलवर निघतो, स्टुडिओ झेरॉक्सच्या दुकानात मुरले, आणि लग्नाची मोठी कामं ड्रोन आणि प्री-वेडिंगवाल्यांच्या पथकांकडे गेली. वृत्तपत्रांची तऱ्हा निराळी नाही. २०१३ मध्ये 'शिकागो सन-टाइम्स'ने आपले सगळेच्या सगळे २८ छायाचित्रकार एका फटक्यात काढून टाकले आणि बातमीदारांना मोबाइलने फोटो काढायला शिकवलं. ती तर नुसती सुरुवात होती. शिकता शिकता मिळवण्याची जागा गेली आणि नेमक्या त्या रिकाम्या जागेत प्रेरणेचा व्यापार येऊन बसला. जिथे पोराला थोडका का होईना पगार मिळायचा, तिथे आता तो फी भरतो. माझा राग खरा यावर आहे. पगार देऊ न शकणाऱ्या, देऊ न इच्छिणाऱ्या जगाला प्रेरणा फार आवडते, कारण ती फुकट वाटता येते.

यावर ठरलेलं उत्तर असं की आता तंत्र सोपं झालं, कॅमेरा प्रत्येकाच्या खिशात आहे, उरली ती फक्त दृष्टी. बटण दाबणं सोपं झालं हे कबूल. पण तिथे उभं राहणं किती सोपं झालं? तालुक्याच्या गावातली मुलगी रात्री आठ वाजता बाजार टिपायला एकटी निघाली तर घरात काय होतं, ते विचारा. कारखान्याच्या फाटकात, दवाखान्याच्या वॉर्डात, साहेबांच्या बैठकीत कोणाला आत सोडतात आणि कोणाला नाही? आठवडाभर एका वस्तीत नुसतं बसून राहायला पोटापाण्याची चिंता नसलेला वेळ कोणाकडे आहे? यांतला एकही प्रश्न फोनची आवृत्ती बदलून सुटत नाही, आणि आतला कलावंत जागा करूनही नाही. सुधारक ओलवे मुंबईत वृत्तछायाचित्रकार म्हणून काम करत होते. महापालिकेच्या सफाई कामगारांचं जगणं त्यांनी टिपलं ते नाक दाबून पुढे निघून जाता येईल अशा ठिकाणी थांबून, परत परत जाऊन, त्यांच्या घरांत बसून. २०१६ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. त्या फोटोंत जे दिसतं ते बराच काळ थांबलेल्या माणसालाच दिसतं.

उलट नुसत्या प्रेरणेवर निघालेली माणसं कुठे पोचतात तेही पाहून घ्या. ज्ञानोबांची पालखी पुण्याहून सासवडकडे निघाली की दिवेघाटात जा. घाटाच्या वळणावर वारकऱ्यांची रांग, आणि तिच्यावर नेम धरून कठड्यापाशी लेन्सांची रांग. डोक्यावर तुळस घेतलेली आजी आली की दहा जण आडवे होतात. "आजी, जरा इकडे बघा. आजी, हसा की." ती बिचारी चालता चालता थबकते, तिच्या दिंडीतल्या बाया पुढे जातात. दुसऱ्या दिवशी पडद्यावर तीच सुरकुतलेली कातडी, तोच गंध, तेच पावसाचे थेंब, दहा वेगवेगळ्या नावांनी. जेजुरीला भंडाऱ्याचा पिवळा धूर, कासला फुलांवर पालथी पडलेली माणसं. प्रत्येक जण शपथेवर सांगेल की आपल्याला आतून वाटलं म्हणून आलो. वाटलं असणारच. पण ते आतलं वाटणं मागच्या वर्षी पाहिलेल्या फोटोंतून आलेलं असतं, म्हणून सगळ्यांना एकाच वळणावर एकच वाटतं. त्या आजीचं गाव कोणतं, तिच्या पायाला काय झालंय, पंढरपूरहून परत जाताना ती एसटीने जाते की ट्रकने, हे जाणून घ्यायला प्रेरणा पुरत नाही. तिच्याबरोबर चालावं लागतं, आणि त्या दिवसांची मजुरी कोणीतरी सोसावी लागते.

कोणी म्हणेल, हे सगळं पैशावर आणून ठेवलंत, पैसा मिळूनही भिकार फोटो काढणारे थोडे आहेत का? मुळीच थोडे नाहीत. लग्नाच्या जाड अल्बमांत डोकावलं तर पुरावा हवा तेवढा सापडेल. पगार दिला की छायाचित्रकार तयार होतो असं मी म्हणत नाही. पगार, संपादक, पाहायला पुस्तकं, जायला परवानगी आणि चुका करायला मुदत, एवढं देऊन पाहा, मग त्यातून कोण टिकतं ते दिसेल. आज आपण यांतलं काहीच देत नाही आणि जो टिकला नाही त्याला म्हणतो, तुझ्यात ती आग नव्हती. दोष त्याच्या आतड्यात आणि आपण मोकळे.

येत्या १९ ऑगस्टला जागतिक छायाचित्रण दिन आहे. दीपप्रज्वलन होईल, हार-तुरे होतील, प्रेरणेवर भाषणं होतील. हा दिवस कशाचा, ते त्या निमित्ताने ध्यानात घ्यावं. १८३९ च्या त्या दिवशी पॅरिसमध्ये फ्रान्स्वा आरागो यांनी दागेरची रीत सर्वांपुढे उघड केली, कारण फ्रेंच सरकारने त्याआधी ती मोबदला देऊन घेतली होती. दागेरला वर्षाला ६,००० फ्रँक पेन्शन, त्याचा दिवंगत भागीदार नीएप्स याच्या मुलाला ४,०००. तेव्हा व्यासपीठावर वृत्तपत्राचे संपादक असतील, मासिकांचे मालक असतील, पर्यटन खात्याचे साहेब असतील, तर श्रोत्यांतल्या पोरांनी हात वर करून एवढं विचारावं: बाहेरच्या छायाचित्रकाराच्या एका फोटोला तुमच्याकडे आज दर काय आहे, फोटोखाली नाव छापता का, आणि पैसे किती महिन्यांनी देता?